डॉक्युमेंटेशनमधल्या तुटक्या लिंका: आधी आतल्या, मग बाहेरच्या

प्रश्न थोडक्यात असा: प्रॉडक्टचं डॉक्युमेंटेशन आधी गिटहबवर (कोड ठेवण्याची साइट) साध्या मार्कडाउन फाइलींत (चिन्हांनी मांडणी केलेला साधा मजकूर) होतं. आता ते एमकेडॉक्सवर (मार्कडाउनपासून वेबसाइट बनवणारं टूल) नेलंय आणि नेताना फोल्डरांची फेररचनाही झाली. लिंक तपासणारं टूल चालवलं तर शेकडो चुका आल्या. काही लिंका गिटहबवर चालतात पण साइटवर नाही, काहींचं उलट. एकाच पानाला पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी लिंक दिली आहे. सुरुवात कुठून करायची, आणि सहा महिन्यांनी पुन्हा हेच होऊ नये म्हणून काय करायचं?

(कमांड, सेटिंग आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.)

रिपोर्टच्या पहिल्या ओळीपासून दुरुस्त्या सुरू करू नका. त्या यादीत दोन अगदी वेगळ्या जातीच्या चुका एकत्र आलेल्या असतात. आतल्या लिंका, म्हणजे आपल्याच एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या, पूर्णपणे आपल्या हातात असतात. त्या शंभर टक्के दुरुस्त होऊ शकतात आणि इंटरनेट न लावता तपासता येतात. बाहेरच्या लिंका दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. त्या आज ठीक असल्या तरी उद्या नसतील, आणि कधी कधी ठीक असूनही टूल त्यांना तुटकं म्हणतं. या दोन गोष्टींना एकच नियम लावला की टीम आठवड्याभरात रिपोर्टकडे बघणं सोडून देते. म्हणून आधी दोन ढीग करा.

टूल कशावर चालवायचं

लिंक तपासणी सोर्सवरही होते आणि तयार झालेल्या एचटीएमएलवरही. दोन्ही लागतात, पण कामं वेगळी आहेत. सोर्सवर एमकेडॉक्स स्वतः तपासतं आणि कुठल्या फाइलीत काय बिघडलंय ते सांगतं. एचटीएमएलवर लायची किंवा एचटीएमएल-प्रूफर हे लिंक तपासणारं टूल चालवलं की वाचकाला जे दिसतं तेच तपासलं जातं: थीममधल्या लिंका, फूटर, कोडमधून आपोआप तयार झालेली एपीआयची पानं, सगळं.

एमकेडॉक्समध्ये बहुतेकांची फसगत इथे होते: `एमकेडॉक्स बिल्ड --स्ट्रिक्ट` चालवलं, बिल्ड (साइट तयार करण्याचं काम) पास झाला, म्हणजे लिंका ठीक. तसं नाही. स्ट्रिक्ट फक्त वॉर्निंगचं एररमध्ये रूपांतर करतं. मार्कडाउन फाइलीकडे जाणारी सापेक्ष (चालू फाइलीपासूनचा रस्ता सांगणारी) लिंक सापडली नाही तर मुळातच वॉर्निंग येते, त्यामुळे ती पकडली जाते. पण स्लॅशने सुरू होणाऱ्या लिंका, न ओळखता आलेल्या लिंका आणि पानावर नसलेले अँकर (पत्त्यात हॅशनंतर येणारे, पानातल्या एका विभागाकडे नेणारे तुकडे) हे तिन्ही डीफॉल्टने फक्त 'इन्फो' पातळीवर नोंदवले जातात. स्ट्रिक्ट त्यांना हातही लावत नाही. आवृत्ती १.५ पासून कॉन्फिगमध्ये 'व्हॅलिडेशन' नावाचा भाग आहे. त्यात ॲब्सोल्यूट लिंक्स, अनरेकग्नाइज्ड लिंक्स आणि (१.६ पासून) अँकर्स हे तिन्ही 'वॉर्न'वर आणा आणि मग स्ट्रिक्ट चालवा. चुकांचा आकडा एकदम वाढेल. खरा आकडा तोच.

स्फिंक्स हे असंच दुसरं टूल वापरणाऱ्यांसाठी याच जागी 'निटपिकी' मोड आहे (कमांडला उणे-एन), आणि वॉर्निंगला एरर करायला उणे-डब्ल्यू. स्फिंक्सची आवृत्ती ८.१ च्या आधीची असेल तर सोबत 'कीप-गोइंग' द्या, नाहीतर पहिल्याच चुकीवर बिल्ड थांबतो आणि दिवसभर एकेक चूक बघत बसावं लागतं. डॉक्युसॉरस या तिसऱ्या टूलमध्ये तुटक्या लिंकेवर बिल्ड डीफॉल्टनेच पडतो, अँकरवर मात्र नुसती वॉर्निंग येते. तीही 'थ्रो'वर, म्हणजे बिल्ड पाडण्यावर, न्या.

गिटहबवर चालते, साइटवर नाही

या तक्रारीमागे बहुतेक वेळा चारच कारणं असतात.

पहिलं, पानाची पातळी बदलणं. एमकेडॉक्स डीफॉल्टने प्रत्येक पानाचं फोल्डर करतं. `गाइड/इन्स्टॉल.एमडी` ही फाइल साइटवर `गाइड/इन्स्टॉल/इंडेक्स.एचटीएमएल` होते आणि पत्ता होतो `/गाइड/इन्स्टॉल/`. मार्कडाउनच्या पद्धतीने लिहिलेल्या लिंका आणि चित्रं एमकेडॉक्स या नव्या पातळीनुसार स्वतः बदलून घेतं. पण मार्कडाउनमध्ये कच्चं एचटीएमएल घातलं असेल, म्हणजे रुंदी ठरवायला आयएमजी टॅग, नाहीतर नव्या टॅबसाठी ए टॅग, तर त्याला ते हात लावत नाही. मग `इमेजेस/ए.पीएनजी` हे चित्र ब्राउझर `/गाइड/इन्स्टॉल/इमेजेस/` मध्ये शोधतो, आणि ते असतं `/गाइड/इमेजेस/` मध्ये. गिटहबवर फाइल गाइड फोल्डरमध्येच असल्यामुळे तिथे सगळं नीट दिसतं. उपाय: कच्चं एचटीएमएल काढून मार्कडाउन लिहा, आणि रुंदी वगैरे द्यायची असेल तर ॲट्रिब्यूट लिस्ट हे एक्स्टेन्शन लावा. टॅगच्या आत `../` जोडूनही साइटवर काम होतं, पण मग गिटहबवर तुटतं. ती दुरुस्ती नव्हे, जागा बदललेली चूक.

दुसरं, लहान-मोठी अक्षरं. मॅक आणि विंडोजची फाइल सिस्टिम सहसा `इन्स्टॉल` या नावातला कॅपिटल आय आणि स्मॉल आय एकच मानते. लिनक्स मानत नाही, आणि बिल्ड सर्व्हर जवळजवळ नेहमी लिनक्सवर असतो. म्हणून लॅपटॉपवर चालणारी लिंक सर्व्हरवर ४०४ (पान सापडलं नाही) देते. सगळ्या फाइलींची नावं स्मॉल अक्षरांत, शब्दांमध्ये हायफन, एवढा नियम करून टाका. नाव बदलताना `गिट एमव्ही` वापरा. फक्त केस (अक्षराचं लहान-मोठेपण) बदललेली गिटला कळली नाही तर आधी तात्पुरतं तिसरंच नाव द्या आणि मग हवं ते. आणि नावं बदलण्याआधी एकदा `गिट एलएस-फाइल्स` चं आउटपुट केसकडे दुर्लक्ष करून सॉर्ट करा आणि `युनिक` ला उणे-डीआय देऊन बघा. फक्त केसमध्ये फरक असलेल्या दोन फाइली खरंच अस्तित्वात असतील तर त्या इथेच दिसतील. मॅकवर चेकआउट केल्यावर त्यातली एकच उरते, आणि कुठली उरली हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरं, अँकर. हेडिंगवरून अँकर तयार करण्याचे नियम प्रत्येक टूलचे वेगळे आहेत. गिटहब विरामचिन्हं काढून टाकतं आणि उरलेल्या प्रत्येक स्पेसचा एक हायफन करतं. त्यामुळे 'रीड & राइट' अशा इंग्रजी हेडिंगमधलं चिन्ह गेलं की दोन स्पेस उरतात आणि अँकर होतो `रीड--राइट`, दोन हायफनांचा. एमकेडॉक्सच्या पोटात असलेलं पायथन-मार्कडाउन सलग स्पेसचा एकच हायफन करतं, म्हणून तिथे `रीड-राइट`. एकाच पानावर एकच हेडिंग दोनदा आलं तर दुसऱ्याला गिटहब 'हायफन १' जोडतं आणि पायथन-मार्कडाउन 'अंडरस्कोर १'. 'उदाहरण' किंवा 'ऑप्शन्स' असं हेडिंग पानात चारदा येणाऱ्या संदर्भ पानांवर हा फरक घाऊक नुकसान करतो.

चौथं, शेवटचा स्लॅश. पत्ता `/गाइड/इन्स्टॉल/` असेल तर `../कॉन्फिग/` म्हणजे `/गाइड/कॉन्फिग/`. तेच पान शेवटच्या स्लॅशविना उघडलं तर `../कॉन्फिग/` चा अर्थ `/कॉन्फिग/` होतो, कारण ब्राउझर शेवटच्या स्लॅशनंतरचा तुकडा फाइलीचं नाव समजून सोडून देतो. गिटहब पेजेस स्लॅश नसलेल्या पत्त्यावरून स्लॅशवाल्यावर पाठवतं. काही होस्टिंग सेवा दोन्ही पत्त्यांवर तेच पान २०० (सगळं ठीक) देऊन दाखवतात, आणि मग लिंक 'कधी चालते, कधी नाही' अशी तक्रार येते. होस्टच्या सेटिंगमध्ये एकच रूप ठरवा आणि दुसऱ्यावरून रिडायरेक्ट (आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं) लावा.

हेडिंगं मराठीत असतील तर

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून जरा थांबून. पायथन-मार्कडाउनचं डीफॉल्ट स्लगिफाय (हेडिंगवरून अँकर बनवणारा भाग) आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं) सोडून बाकी सगळं टाकून देतं. 'स्थापना' या हेडिंगचं काहीच उरत नाही, आणि अँकर बनतो `_१`. पुढचं हेडिंग `_२`, त्यापुढचं `_३`. अर्धं इंग्रजी हेडिंग असेल तर तेवढाच इंग्रजी शब्द उरतो. स्फिंक्सच्या मागचं डॉकयुटिल्सही हेच करतं, तिथे `आयडी१`, `आयडी२` दिसतात.

यातला खरा धोका लिंक तुटण्याचा नाही, न तुटण्याचा आहे. पानाच्या मध्ये एक नवं हेडिंग घातलं की खालचे सगळे आकडे एकाने सरकतात. `_५` हा अँकर अजूनही आहे, पण तो आता दुसऱ्याच विभागावर जातो. लिंक तपासणारं टूल हिरवं दाखवतं आणि वाचक 'डेटाबेस पुसणे' या विभागात जाऊन पोहोचतो.

यावर युनिकोड स्लगिफाय चालू करा असा सल्ला मिळतो. पायथन-मार्कडाउनमधला तो पर्याय पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या 'शब्दातलं अक्षर' या व्याख्येवर चालतो, आणि त्या व्याख्येत देवनागरीच्या काना-मात्रा, वेलांट्या, हलन्त बसत नाहीत. 'स्थापना'चं होतं 'सथपन'. 'काम' आणि 'कमी' या दोन्हींचं 'कम' होतं आणि दुसऱ्याला आकडा चिकटतो. शिवाय असा पत्ता चॅटमध्ये पेस्ट केला की प्रत्येक अक्षराची तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन चिन्हं, म्हणजे एका अक्षरामागे नऊ चिन्हांची माळ तयार होते.

उपाय एकच, आणि तो इंग्रजी डॉक्युमेंटेशनलाही लागू: ज्या हेडिंगला कुठूनही लिंक जाते त्याला हाताने, रोमनमध्ये, छोटा आयडी द्या. एमकेडॉक्समध्ये ॲट्रिब्यूट लिस्ट चालू करून हेडिंगच्या शेवटी महिरपी कंसात हॅश आणि `इन्स्टॉल`. डॉक्युसॉरसमध्ये हीच पद्धत चालते, आणि सगळ्या हेडिंगना एका झटक्यात आयडी लिहून देणारी `राइट-हेडिंग-आयडीज` ही कमांडही आहे. स्फिंक्समध्ये हेडिंगच्या वर लेबल द्या आणि लिंक `रेफ` ने करा. फाइली गिटहबवरही वाचल्या जात असतील तर तो महिरपी कंस तिथे जसाच्या तसा दिसतो. ते खपत नसेल तर हेडिंगच्या वर रिकामा ए टॅग आयडीसह लिहा, तो दोन्हीकडे चालतो. आयडी एकदा दिला की हेडिंगचे शब्द कितीही बदला, लिंक जागची हलत नाही.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवूच नका. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि या, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळ्या. त्यातून नुक्त्याचा ऱ काही सिस्टिम एक अक्षर म्हणून साठवतात आणि काही र अधिक नुक्ता असा फोडून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम असं फोडूनच ठेवायची. मग लिंक आणि फाइल अक्षरशः एकसारख्या दिसत असताना ४०४ येतो, आणि डोळ्यांनी फरक शोधणं अशक्य होतं.

आणखी एक खास आपली चूक: उघड्या पत्त्याला विभक्ती प्रत्यय चिकटवणं. वाक्यात पूर्ण पत्ता लिहून लगेच 'वर' किंवा 'मध्ये' जोडलं की गिटहबची आपोआप लिंक करण्याची पद्धत पुढच्या स्पेसपर्यंतचं सगळं पत्ता समजते, आणि 'वर' हाही पत्त्याचा भाग होतो. पत्ता कोनी कंसात घाला किंवा नीट नाव देऊन लिंक करा. लिंकेचा कंस बंद झाल्यावर प्रत्यय जोडायला काहीच हरकत नाही.

एकसारखेपणाचे नियम

विसंगत लिंका आज चालतात म्हणून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पण पुढच्या फेररचनेत शोध-बदल करताना `इन्स्टॉल.एमडी`, `/गाइड/इन्स्टॉल`, `/गाइड/इन्स्टॉल/`, `इन्स्टॉल.एचटीएमएल` आणि साइटच्या नावासकटचा पूर्ण पत्ता अशी पाच रूपं शोधावी लागतात. सहावं रूप राहून जातं आणि तुटतं. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी एक अर्ध्या पानाचा नियम लिहून टाका:

- आतली लिंक नेहमी सापेक्ष आणि सोर्स फाइलीच्या नावाने, म्हणजे `.एमडी` सकट. एमकेडॉक्सला तपासता येतं ते हेच रूप.
- स्वतःच्याच साइटला पूर्ण पत्ता कधीच नाही. स्टेजिंगवर (चाचणीच्या साइटवर) तपासताना वाचक गुपचूप प्रॉडक्शनवर (खऱ्या साइटवर) जातो.
- बाहेरच्या लिंकेत एचटीटीपीएस, भाषेचा तुकडा काढून. मायक्रोसॉफ्ट लर्न किंवा एमडीएनच्या पत्त्यातला 'ईएन-यूएस' काढला की साइट वाचकाच्या भाषेनुसार पाठवते.
- लिंकेचे शब्द लक्ष्य पानाच्या विषयाचे. 'येथे क्लिक करा' नको.
- लहान केलेले पत्ते नकोत. गूगलने गू.जीएलच्या वापरात नसलेल्या लिंका ऑगस्ट २०२५ पासून बंद केल्या. मूळ पत्ता माहीत नसेल तर अशी लिंक परत मिळवता येत नाही.

आवृत्तीबद्दलचा नियम जरा विचार करून ठरवावा लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनला `/करंट/` आहे, पायथनला `/३/`. संकल्पना समजावताना अशी सरकती लिंक बरी. पण 'ही कमांड अशी चालवा' असं सांगत असाल आणि तुमचं प्रॉडक्ट पोस्टग्रेस १५ वरच चालत असेल, तर १५ च्याच पानाची लिंक द्या. करंटवरचा पर्याय उद्या काढला गेला तर लिंक चालेल, सूचना चुकेल. गिटहबवरच्या कोडच्या ठरावीक ओळीला लिंक देताना तर शाखेच्या नावाची लिंक कधीच नको. फाइल उघडून कीबोर्डवर वाय दाबा, पत्त्यात कमिटचा (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाचा) हॅश येतो आणि ओळी हलत नाहीत.

घाऊक बदल करताना

जुना पत्ता-नवा पत्ता असा तक्ता हाताने बनवायला बसू नका, गिटला तो माहीत आहे. `गिट लॉग` ला डिफ-फिल्टर बरोबर कॅपिटल आर, नेम-स्टेटस आणि उणे कॅपिटल-एम दिलं की आजवर नाव बदललेल्या सगळ्या फाइली जुन्या-नव्या नावांसकट मिळतात. एक फाइल दोनदा हलली असेल तर दोन नोंदी जोडून शेवटचा पत्ता काढा.

बदल साध्या शोध-बदलाने केलात तर दोन गोष्टी बिघडतात. `/इन्स्टॉल` बदलताना `/इन्स्टॉल-लिनक्स` ही बदलतं, म्हणून तक्ता लांबीनुसार लावून लांब पत्ते आधी घ्या. आणि कोड ब्लॉकमधले पत्तेही बदलतात. कॉन्फिगच्या उदाहरणातला `एचटीटीपी` बदलून `एचटीटीपीएस` झाला की ते उदाहरण कॉपी करणाऱ्याचं इन्स्टॉलेशन पडतं, आणि ती चूक कुठलंही लिंक टूल पकडत नाही. स्क्रिप्टने कोड ब्लॉक वगळायलाच हवेत.

प्रत्येक प्रकारच्या बदलाचा वेगळा कमिट करा: केस एकात, सापेक्ष लिंका दुसऱ्यात, अँकर तिसऱ्यात. चारशे फाइलींचा मिश्र कमिट कुणीही वाचून तपासत नाही. नुसते मान हलवून मंजूर करतात. मार्कडाउन तपासणाऱ्या मार्कडाउनलिंट या टूलचे एमडी०४२ (रिकामी लिंक), एमडी०५१ (चुकीचा अँकर), एमडी०५२ आणि एमडी०५३ (न सापडलेली आणि न वापरलेली संदर्भ-लिंक) हे नियम या टप्प्यावर चालू करा. एमडी०५१ मात्र गिटहबच्या पद्धतीने अँकर मोजतो, त्यामुळे हाताने आयडी दिल्यानंतरच त्याचा उपयोग. विकिपीडियाच्या पत्त्यात कधी कधी शेवटी कंस असतो, तो मार्कडाउनच्या कंसात घोळ घालू शकतो. असे पत्ते कोनी कंसात ठेवा.

बाहेरच्या लिंका

आधी सगळ्या बाहेरच्या लिंकांची यादी काढा (लायचीला `--डंप`) आणि फक्त डोमेननुसार मोजणी करा. दोन हजार लिंकांत डोमेन शे-दीडशेच निघतात, आणि ती यादी डोळ्यांखालून घालणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत फायदेशीर काम. मेलेली डोमेनं लगेच ओळखू येतात: जानेवारी २०१६ मध्ये बंद झालेलं गूगल कोड, डिसेंबर २०१७ चं कोडप्लेक्स, मे २०२१ चं बिनट्रे. हललेलीही दिसतात: पायपीआय २०१८ मध्ये पायथन.ऑर्गच्या पोटातून स्वतःच्या डोमेनवर गेलं, मायक्रोसॉफ्टचे डॉक्स २०२२ मध्ये लर्नवर. एका नियमाने शेकडो लिंका सुटतात. आणि जे डोमेन मुदत संपून दुसऱ्याने घेतलंय, जिथे आता जुगाराची जाहिरात आहे, ते २०० देतं. टूलच्या लेखी ती लिंक उत्तम आहे, ती फक्त माणसाला सापडते.

मग उत्तरांच्या आकड्यांनुसार. ४०४ आणि ४१० (पान कायमचं काढलं) खरे तुटके. आधी त्याच साइटवर नवी जागा शोधा. नसेल तर वेबॅक मशीनची (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) प्रत द्या. तिच्या पत्त्यात वर्षापासून सेकंदापर्यंतचा चौदा आकडी वेळ असतो. पान चालू होतं तेव्हाची प्रत उघडून बघा, कारण पुष्कळदा जतन झालेली शेवटची प्रत ४०४ चीच असते. तीही नसेल तर लिंक काढा आणि गरजेची माहिती स्वतःच्या शब्दांत पानात आणा.

४०३ (मनाई), ४२९ (फार विनंत्या) आणि लिंक्डइनचा ९९९ या तुटक्या लिंका नव्हेत, बॉटला दिलेला नकार आहे. ब्राउझरमध्ये उघडून खात्री करा आणि वगळण्याच्या यादीत टाका. ४२९ असेल तर आधी वेग कमी करा. लायची डीफॉल्टने एकावेळी १२८ विनंत्या पाठवू शकतं, एकाच साइटच्या तीनशे लिंका असल्या तर नकार मिळणारच. गिटहबच्या लिंका पुष्कळ असतील तर टोकन (गिटहबला ओळख पटवणारी किल्ली) द्या. डोमेन न सापडणं किंवा प्रमाणपत्राची मुदत संपणं हे आठवडाभर थांबून पुन्हा तपासा, निम्मे प्रकार तोवर आपोआप सुटलेले असतात.

रिडायरेक्टच्या बाबतीत घाई नको. ३०१ आणि ३०८ म्हणजे कायमचा बदल. नवा पत्ता घ्या, पण तिथे तोच मजकूर आहे हे बघून. कंपन्या जुनी पानं बंद करून सरसकट मुखपृष्ठावर पाठवतात, ते ४०४ च समजा. ३०२ तात्पुरतं असतं आणि बहुतेक वेळा मुद्दाम. रीड द डॉक्सचा मूळ पत्ता भाषा आणि आवृत्तीच्या पानावर पाठवतो, तो मूळ पत्ताच राहू द्या. लॉगिन पानावर जाणाऱ्या ३०२ च्या जागी लॉगिनचा पत्ता लिहिणारी स्क्रिप्ट तर हमखास कुणीतरी लिहितंच.

गिटहबच्या लिंकांत आणखी एक बारकावा. शाखेचं नाव मास्टरवरून मेन केलं तर वेबवरच्या फाइलींचे जुने पत्ते गिटहब पुढे पाठवतं, पण 'रॉ' (फाइलीचा नुसता मजकूर देणारे) पत्ते पाठवत नाही. इन्स्टॉल स्क्रिप्ट डाउनलोड करायला सांगणारी कमांड नेमकी रॉ पत्त्यावर असते, आणि ती कोड ब्लॉकमध्ये असल्यामुळे टूल तिकडे बघतही नाही. असे पत्ते वेगळे शोधा.

जुन्या पत्त्यांवर येणारे वाचक

आपल्या लिंका दुरुस्त झाल्या तरी जुने पत्ते बाहेर लोकांच्या बुकमार्कमध्ये, उत्तरांत, ईमेलांत राहतातच. सगळ्यांना रिडायरेक्ट लावायची गरज नाही. सर्व्हरचा महिन्याभराचा लॉग घ्या. इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या कम्बाइन्ड फॉरमॅटमध्ये स्पेसने तोडल्यास नववा रकाना स्टेटस आणि सातवा पत्ता. ४०४ वाले पत्ते मोजून उतरत्या क्रमाने लावा. वर्डप्रेसचं लॉगिन शोधणारे बॉट वगळले की वरच्या पन्नासेक पत्त्यांत खरी मागणी दिसते.

एमकेडॉक्सचं रिडायरेक्ट्स प्लगइन जुन्या पत्त्यावर एक छोटं एचटीएमएल पान ठेवतं आणि ते पान पुढे पाठवतं. सर्व्हर त्याला २०० च म्हणतो. गिटहब पेजेसवर सर्व्हर पातळीवरचं रिडायरेक्ट मिळतच नाही, तिथे हेच चालवा. स्वतःचा सर्व्हर असेल तर ३०१ द्या, मात्र आधी ३०२ ठेवून तपासा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, आणि चुकीचा ३०१ दुरुस्त केल्यावरही ज्यांनी तो एकदा पाहिला ते तिकडेच जात राहतात. साखळ्या करू नका: जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर असं झालं असेल तर दोन्ही थेट नव्यावर न्या.

हॅशनंतरचा तुकडा सर्व्हरकडे कधी जातच नाही, तो ब्राउझरजवळ राहतो. त्यामुळे एका लांब पानाची तीन पानं केली तर 'या अँकरसाठी तिकडे' असा नियम सर्व्हरवर लिहिणं शक्य नाही. ब्राउझर जुना अँकर नव्या पानाला जोडतो आणि तो तिथे नसला तर पान वरून उघडतं. अशा वेळी जुनं पान पुसू नका. त्याचे जुने आयडी तसेच ठेवा आणि प्रत्येकाखाली एका ओळीत नव्या पानाची लिंक द्या.

सॉफ्टवेअरमध्येच ज्या लिंका बसल्या आहेत, म्हणजे एरर मेसेजमधल्या, हेल्प बटणामागच्या, कमांडच्या मदतीतल्या, त्या रिलीजनंतर बदलता येत नाहीत. तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती वापरणारा ग्राहक तीच लिंक दाबणार. म्हणून कोडमध्ये पानाचा पत्ता कधी लिहू नका. आपल्याच डोमेनवर `/आर/` सारखा एक विभाग ठेवा, त्यात एररच्या क्रमांकाने पत्ते, आणि ते कुठे जातात हे सर्व्हरवरच्या एका फाइलीत. मायक्रोसॉफ्टचं एकेए.एमएस याच कल्पनेवर चालतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड आणि तपासण्यांत) दोन वेगळी कामं लावा. आतल्या लिंका प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य शाखेत घेण्याच्या विनंतीवर): स्ट्रिक्ट बिल्ड, मग तयार एचटीएमएलवर लायची `--ऑफलाइन` आणि `--इन्क्लूड-फ्रॅगमेंट्स` सह. यात चूक आली की मर्ज थांबलंच पाहिजे. बाहेरच्या लिंका आठवड्यातून एकदा, स्वतंत्रपणे, आणि त्यांच्यामुळे कधीही बिल्ड पडू देऊ नका. दुसऱ्याचा सर्व्हर झोपला म्हणून आपली सुरक्षा-दुरुस्ती अडकणं हास्यास्पद आहे. निकाल इश्यू म्हणून नोंदवा आणि सलग दोन आठवडे आलेल्या लिंकांकडेच लक्ष द्या.

गिटहब ॲक्शन्सचं (गिटहबच्या सीआयचं) वेळापत्रक डीफॉल्टने यूटीसीत असतं, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. सोमवारी सकाळी नऊला रिपोर्ट हवा असेल तर क्रॉनमध्ये (वेळापत्रकाच्या ओळीत) पहाटेचे साडेतीन लिहा. आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकावरचं काम गिटहब आपोआप बंद करतं. नेमक्या शांत पडलेल्या प्रोजेक्टमध्येच लिंका सडतात, तेव्हा ते चालू आहे ना हे अधूनमधून बघा.

वगळण्याच्या यादीत प्रत्येक ओळीच्या वर कारण आणि तारीख लिहायला लावा. पूर्ण डोमेन वगळायच्या ऐवजी शक्य तितका नेमका पत्ता लिहा. एका ४२९ साठी अख्खं गिटहब वगळलेल्या याद्या सर्रास दिसतात, आणि मग लिंकांचा सर्वांत मोठा हिस्सा कधी तपासलाच जात नाही. तिमाहीतून एकदा ती यादी रिकामी करून टूल चालवा, आणि ज्या ओळींची अजून गरज आहे तेवढ्याच परत घाला.